दोन लाख अडले, सहा लाख गेले: सोलापुरातील एका सहयोगी इलेक्ट्रॉनिक्स संशोधन प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील संस्था, माणसे आणि योजना यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. रकमा गोळाबेरीज करून मांडल्या आहेत. तीन भागीदार होते: सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेल बनवणारा एक छोटा कारखाना (यापुढे 'उद्योग'), शहरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, आणि १२ टेरी टॉवेल उत्पादकांचा गट.

पार्श्वभूमी

सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पण हा माल अजूनही मोठ्या प्रमाणावर जुन्या धोट्याच्या यंत्रमागांवर निघतो. टेरी विणताना तीन फेऱ्यांमागे लूपची एक ओळ उभी राहते. पहिले दोन बाणे (आडवे धागे) फणी थोडे अलीकडेच सोडते आणि तिसऱ्या ठोक्याला तिन्ही मिळून पुढे रेटते. मधला एक बाणा चुकला तर त्या ओळीतले लूप आखूड-लांब होतात. तो दोष मागावर दिसत नाही, टॉवेल धुतल्यावर दिसतो.

फेरे मोजणारे, बाणा तुटल्याचे ओळखणारे आणि मोटरचा प्रवाह पाहून बेअरिंग किंवा पिकिंगचा (धोटा फेकण्याच्या यंत्रणेचा) बिघाड आधीच सांगणारे एक स्वस्त उपकरण मागावर बसवावे, अशी कल्पना होती. बाहेरून येणाऱ्या अशा प्रणाली नव्या शटललेस (बिनधोट्याच्या) मागांसाठी असतात. जुन्या मागाच्या मालकाला त्यांची किंमत परवडत नाही. उद्योगाने प्रत्येक मागामागे सुट्या भागांचा खर्च १,९०० रुपयांत बसवायचे ठरवले होते.

अडचण

उद्योगाला पॅनेल बनवता येत होते, पण सिग्नलवरची प्रक्रिया लिहिणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता. महाविद्यालयात तो होता, पण विभागाच्या प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोप १० वर्षे जुना होता आणि उष्णता-आर्द्रतेची चाचणी पेटी नव्हतीच. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२ अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, मोटरच्या शेजारी, बंद डब्यात काय होत असेल याचा अंदाज करता येतो. पण अंदाजावर कॅपॅसिटर निवडता येत नाही. तिघांना मिळून सुमारे ४० लाख रुपये हवे होते आणि त्यातले बँकेकडून मिळण्यासारखे काहीच नव्हते. संशोधनावर कर्ज मागितले की बँक आधी तारण विचारते.

तोललेले पर्याय

पहिला विचार वस्त्रोद्योगाच्या योजनांचा झाला. यंत्रमागांसाठीच्या केंद्राच्या पॉवरटेक्स इंडिया योजनेखाली साध्या मागांना ताणा-बाणा तुटल्यावर थांबवणारी यंत्रणा बसवण्यासाठी अनुदान होते. पण ते तयार, मान्य जोडणीच्या खरेदीसाठी होते. जे अजून बनलेच नाही, त्याला खरेदी अनुदान कसे मिळणार?

निधी-प्रयास योजनेत नमुना बनवण्यासाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते, पण ती एका नवउद्यमीसाठी आहे. तीन भागीदार आणि महाविद्यालयाची उपकरणे तीत बसत नव्हती. तंत्रज्ञान विकास मंडळ (स्थापना १९९६) प्रकल्प खर्चाच्या निम्म्यापर्यंत ५ टक्के सरळ व्याजाने कर्ज देते. मात्र ते तंत्रज्ञान बाजारात नेण्यासाठी आहे आणि उद्योगाचा ताळेबंद तेवढा भक्कम नव्हता.

पुण्यातल्या एका सल्लागाराने युरोपीय भागीदार शोधायला सुचवले. तिकडे २००८ पासून एनियाक आणि आर्टेमिस, २०१४ पासून एक्सेल, पुढे २०२१ मध्ये केडीटी आणि २०२३ पासून चिप्स जॉइंट अंडरटेकिंग अशी इलेक्ट्रॉनिक घटकांच्या सामूहिक संशोधनाची परंपरा आहे. तिथे पैसा तीन ठिकाणांहून येतो: युरोपीय संघाकडून, भागीदाराच्या देशाकडून आणि भागीदाराच्या खिशातून. भारतीय भागीदाराला त्यातून आपोआप निधी मिळत नाही, म्हणून हा पर्याय लगेच मागे पडला. तो तिथेच सोडून देण्याऐवजी त्यातला एक धडा टिपून ठेवायला हवा होता. तीन खिशांपैकी एक उशिरा उघडला किंवा उघडलाच नाही, तर त्या भागीदाराचे काम मोकळे पडते आणि बाकीचे अडकतात. सोलापुरात पुढे हेच झाले.

शेवटी निवडली ती केंद्राची उद्योग-शिक्षणसंस्था संयुक्त योजना. तिचे सूत्र २०१३ मध्ये सुरू झालेल्या मल्टिप्लायर ग्रँट्स योजनेसारखे होते: उद्योग जेवढे रोख घालेल त्याच्या दुपटीपर्यंत सरकार देणार आणि पैसे शिक्षणसंस्थेच्या खात्यात येणार.

अर्ज आणि अंदाजपत्रक

जानेवारी २०२१ मध्ये अर्ज गेला. कालावधी २४ महिने, एकूण ४२ लाख: उद्योगाकडून ८ लाख, १२ टॉवेल उत्पादकांकडून प्रत्येकी ५० हजार म्हणजे ६ लाख, सरकारकडून २८ लाख. खर्चाची विभागणी अशी: उपकरणे ११ लाख, सुटे भाग ७.५, मनुष्यबळ ११.५, चाचणी व प्रमाणन ४, प्रवास २, किरकोळ १.५, संस्थेचा प्रशासकीय खर्च ४.५.

टॉवेल उत्पादकांची संमतिपत्रे लेटरहेडवर होती, सही-शिक्क्यानिशी. त्यांत रक्कम होती, तारीख नव्हती. "प्रकल्प मंजूर झाल्यावर देऊ" एवढेच लिहिलेले. तज्ज्ञ समितीपुढच्या सादरीकरणात यावर एकही प्रश्न आला नाही. सगळे प्रश्न सेन्सरवर आले.

तांत्रिक भागात एक निर्णय अर्जातच बरोबर घेतला गेला. बाणा ओळखायला ऑप्टिकल सेन्सर स्वस्त पडतो, पण टेरीच्या शेडमध्ये सुताची बारीक लूस सतत उडत असते आणि लेन्स एका पाळीत आंधळी होते. म्हणून फेरे मोजायला क्रँकशाफ्टवर इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की ओळखणारा) आणि प्रवाह मोजायला मोटरच्या तारेवर सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर), असे ठरले. लूस कितीही चढली तरी या दोघांना फरक पडत नाही.

पहिला निर्णयबिंदू: मार्चअखेरचे पैसे

मंजुरीपत्र मार्च २०२२ मध्ये आले आणि पहिला हप्ता, २८ लाखांच्या ४० टक्के म्हणजे ११.२ लाख, २८ मार्चला जमा झाला. आर्थिक वर्ष संपायला तीन दिवस. पहिल्याच उपयोगिता प्रमाणपत्रात (सामान्य वित्तीय नियम २०१७, नमुना १२-अ) खर्च शून्य दाखवून पूर्ण रक्कम पुढच्या वर्षात नेण्याची परवानगी मागावी लागली. ती येईपर्यंत खरेदीला हात लावायचा नाही, असे महाविद्यालयाच्या लेखा विभागाने ठरवले. त्यांची सावधगिरी समजण्यासारखी होती, पण ती महाग पडली.

त्या वेळच्या नियमांप्रमाणे २५ हजारांपर्यंत थेट खरेदी, तिथून अडीच लाखांपर्यंत खरेदी समिती आणि त्यावर निविदा. चाचणी पेटीची मूळ किंमत ५.६० लाख, ऑसिलोस्कोप २.८५ लाख, रिफ्लो ओव्हन (बोर्डावरचे भाग सोल्डर करणारी भट्टी) २ लाख, एकूण १०.४५ लाख. महाविद्यालयाकडे डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) नोंदणी असल्याने संशोधन उपकरणांवर ५ टक्के सवलतीचा जीएसटी धरला होता. त्याने बेरीज १०.९७ लाख, म्हणजे ११ लाखांच्या शीर्षात नेमकी बसणारी. ही सवलत १८ जुलै २०२२ पासून रद्द झाली. खरेदीचे आदेश ऑगस्टमध्ये निघाले. १८ टक्क्यांनी तेच बिल १२.३३ लाख झाले.

दोन पर्याय होते. एक, शीर्षांतर्गत फेरबदलाची परवानगी मागणे. तिला किती महिने लागतील याचा अंदाज मार्चमध्येच आला होता. दोन, काहीतरी वगळणे. रिफ्लो ओव्हन वगळला आणि उपकरणांचा खर्च ९.९७ लाखांवर आला. त्या क्षणी हा निर्णय शहाणपणाचा वाटला. परिणाम असा की प्रत्येक बोर्ड सोल्डर करायला पुण्याला पाठवावा लागला आणि एका दुरुस्तीच्या फेरीला चार दिवसांऐवजी अडीच आठवडे लागू लागले.

मनुष्यबळाचीही अशीच गत. जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन अधिछात्राचे) ३१ हजार अधिक १६ टक्के घरभाडे धरले होते. सोलापूर 'वाय' वर्गातले शहर, तिथे जुलै २०२१ पासून घरभाडे १८ टक्के झाले. फरक महिन्याला ६२० रुपयांचा, तो सोसता आला असता. खरी अडचण वेगळी होती. नेट किंवा गेट झालेला इलेक्ट्रॉनिक्सचा उमेदवार त्या पगारावर सोलापुरात थांबत नाही, पुण्याची गाडी पकडतो. दोन जाहिराती वाया गेल्या. मग पद बदलून प्रोजेक्ट असोसिएट-१ केले. नेट-गेटची अट नसलेल्या त्या पदाला २५ हजार अधिक घरभाडे, म्हणजे २९,५०० रुपये. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्थानिक उमेदवार रुजू झाला आणि शेवटपर्यंत टिकला. हे पद अर्जातच मागितले असते तर सहा महिने वाचले असते.

दुसरा निर्णयबिंदू: सर्वांत स्वस्त चिप

अर्जात एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर (उपकरण चालवणारी मुख्य चिप) १९० रुपयांना धरला होता. २०२१-२२ च्या चिप टंचाईत अधिकृत वितरक ५२ आठवड्यांची मुदत सांगत होते. १२० नगांसाठी तीन दरपत्रके मागवली गेली आणि नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराच्या व्यापाऱ्याकडून प्रत्येकी ६४० रुपयांना घेतली. एकूण ७६,८०० रुपये.

पहिल्या दहा बोर्डांवर प्रोग्राम चढला, पण चार बोर्ड तासाभरात अडकू लागले. डीबगर जोडून गाभ्याचा ओळख-क्रमांक वाचला. अस्सल चिपमध्ये तो १ ने सुरू होतो, या चारही चिपमध्ये २ ने होत होता. एका चिपवर ॲसिटोनचा बोळा फिरवला तर वरचा काळा थर बोळ्यावर उतरला आणि खाली दुसरीच छपाई दिसली. सगळ्या १२० तपासल्या, ४१ नकली निघाल्या. व्यापाऱ्याने निम्मे पैसे परत केले, तेही महाविद्यालयाच्या खात्यात 'परतावा' म्हणून दाखवताना लेखा विभागाला घाम फुटला.

यात चूक खरेदी नियमांची आहे असे म्हणणे सोपे आहे. पण निविदेच्या अटींत 'उत्पादकाचा अधिकृत वितरक किंवा त्याचे मागोवा घेता येणारे बिल' ही एक ओळ घालायला कोणी अडवले नव्हते. तांत्रिक अट घालायची मुभा नियमांतच असते. खरेदी समितीत बसलेल्या प्राध्यापकांना ती माहीत नव्हती आणि माहीत असलेल्या लेखापालाला चिप म्हणजे काय ते कळत नव्हते.

आता वाट पाहायची की रचना बदलायची? उरलेल्या ७९ चिपवर पहिला टप्पा भागला असता, पण उत्पादनाचे काय? टीमने ईएसपी३२ मॉड्यूलकडे जायचे ठरवले; ते बाजारात मिळत होते आणि स्वस्तही होते. त्याची उणीव सीटी जोडल्यावर कळली. त्याचा अंगचा एडीसी (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग) सरळ रेषेत वाचत नाही, टोकांना तर फारच घसरतो. सीटीचा सिग्नल नेमका लहान असतो. म्हणून १६ बिटांचा वेगळा एडीसी घालावा लागला. चार महिने गेले आणि प्रत्येक बोर्डाची किंमत वाढली, तरी हा निर्णय योग्यच होता.

शेडमध्ये

उपकरणाचे पहिले २४ डबे तीन कारखान्यांत बसले. पहिल्या पंधरवड्यात नऊ बंद पडले. बोर्ड ठीक होते. काहींत सैल झाली होती आरजे-४५ जोडणी (संगणकाच्या नेटवर्क केबलची असते तशी). धोटा दर फेऱ्याला आदळतो, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा, आणि प्लास्टिकची ती चिमटी असा मार खायला बनलेलीच नाही. एम१२ गोल जोडणी घातली, ती दसपट महाग. सुट्या भागांचा खर्च १,९०० वरून २,७४० रुपयांवर जाण्यात सर्वांत मोठा वाटा या जोडणीचा.

बाकीचे बंद डबे बिघडले नव्हते, कोणीतरी मुद्दाम काढले होते. एका जॉबरने (मागांची देखभाल करणाऱ्याने) सरळ विचारले, "सायेब, ह्यो डबा माझा पगार कापनार का?" कामगाराला मजुरी कामावर मिळते आणि मोजणारी नवी वस्तू मालकाच्या बाजूची असणार, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. उपाय तांत्रिकच निघाला: फेऱ्यांचा आकडा आणि माग किती वेळ बंद होता, हे दोन्ही दाखवणारा छोटा पडदा मागावरच, विणकराच्या बाजूने. सूत आले नाही म्हणून माग थांबला तर तेही नोंदले जाते, हे कळल्यावर सूर बदलला. पडद्यावरचे चार शब्द तेलुगूतही दिले; सोलापूरच्या मागावर ते आधी करायला हवे होते. अर्जात 'वापरकर्ता' म्हणून फक्त मालकांचा उल्लेख होता.

तिसरा निर्णयबिंदू: उलटा फिरलेला गुणक

मंजुरीपत्रात एक अट होती: दुसऱ्या हप्त्यापूर्वी उद्योगांचा (कारखाना आणि टॉवेल उत्पादक मिळून) संपूर्ण हिस्सा प्रकल्प खात्यात जमा असावा. २०२३ च्या सुरुवातीला हिशेब मांडला तेव्हा उद्योगाचे ८ लाख आणि आठ उत्पादकांचे ४ लाख आले होते. चौघांनी हात वर केले. २०२२ मध्ये कापसाची खंडी लाखाच्या पुढे गेली, सुताचा भाव कडाडला, काहींनी माग निम्म्याने बंद ठेवले. त्यात डबे त्यांच्या शेडमध्ये अजून पोहोचलेच नव्हते. एकाचे म्हणणे असे होते: "माझ्या मागावर काय बसलंय ते दाखवा, मग चेक देतो."

उद्योगांचा हिस्सा १४ वरून १२ लाखांवर आला. सरकारचा हिस्सा दुपटीच्या सूत्राने २८ वरून २४ लाखांवर. म्हणजे दोन लाख न आल्याने प्रकल्पातून सहा लाख गेले. योजनेच्या माहितीपत्रकात गुणक नेहमी वरच्या दिशेने दाखवतात.

पर्याय तीन होते. उरलेल्या आठ जणांकडून जास्तीचे २५-२५ हजार मागणे. त्यांनी नकार दिला आणि तो रास्त होता. उद्योगाने स्वतः दोन लाख भरणे. किंवा कपात स्वीकारणे. उद्योगाचा पैसा तेव्हा घटकांच्या साठ्यात अडकला होता, म्हणून तिसरा पर्याय घेतला गेला.

या प्रकरणातला हा सर्वांत चुकीचा निर्णय. दोन लाख १४ टक्क्यांनी उसने घेतले असते तरी वर्षाचे व्याज २८ हजार होते आणि त्यावर सरकारचे चार लाख येत होते. बैठकीच्या इतिवृत्तात हा गुणाकार कुठेच नाही. चर्चा झाली ती 'आम्हीच का भरायचे' यावर.

कपात अशी बसली: रिफ्लो ओव्हनमुळे उपकरणांत आधीच वाचलेले १.०३ लाख, सुट्या भागांतून १.५०, चाचणीतून १.२०, प्रवासातून ०.५०, किरकोळमधून ०.६० आणि महाविद्यालयाने बऱ्याच ओढाताणीनंतर प्रशासकीय खर्चातून सोडलेले १.१७ लाख.

चाचणी शीर्ष ४ लाखांवरून २.८० लाखांवर आले, म्हणजे एकाच फेरीपुरते. आयईसी ६००६८ खालची कंपन आणि कोरड्या उष्णतेची चाचणी पार पडली. पेटी हाताशी असल्याने त्याची तयारी आधीच झाली होती. आयईसी ६१०००-४-४ च्या जलद विद्युत-झटक्यांच्या चाचणीत मात्र डबा दुसऱ्याच मिनिटाला रिसेट झाला. मागांमधून ओढलेली आरएस-४८५ ही माहिती वाहणारी केबल बिनआवरणाची होती आणि तीच अँटेना बनत होती. आवरणाची केबल, कॉमन-मोड चोक, टीव्हीएस डायोड आणि डब्याच्या एकाच बिंदूवर अर्थिंग, एवढ्याने प्रश्न सुटला. पण फेरचाचणीचे पैसे कपातीत गेले होते. ते शेवटी उद्योगानेच भरले, प्रकल्पाबाहेरून, त्यामुळे त्यावर सरकारी दुप्पट मिळाले नाही.

हक्कांचा प्रश्न

सामंजस्य करारात बौद्धिक संपदा 'परस्पर संमतीने' असे लिहिले होते. प्राध्यापकांनी २०२३ मध्ये परिषदेसाठी शोधनिबंध तयार केला. पाठवण्याच्या आदल्या आठवड्यात उद्योगाला कळले. आपल्याकडे आधी जाहीर केलेल्या शोधाला मिळणारी सूट फार अरुंद आहे, त्यावर विसंबून निबंध छापू नये. निबंध तीन आठवडे थांबवून तात्पुरता पेटंट अर्ज दाखल केला. सप्टेंबर २०२१ च्या दुरुस्तीने शिक्षणसंस्थांनाही सवलतीचे शुल्क लागू झाल्याने ते १,६०० रुपयांत झाले. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो, तो दिला. सरळ बोलून सुटलेला या प्रकल्पातला हा एकमेव वाद.

निष्पत्ती

मूळ उद्दिष्ट ९६ माग. प्रत्यक्षात ६४ मागांवर डबे बसले, प्रकल्प बंद होताना ५१ चालू होते. पद बदलल्याने वाचलेल्या पगाराच्या जोरावर सहा महिन्यांची विनाखर्च मुदतवाढ मिळाली आणि काम सप्टेंबर २०२४ मध्ये संपले. सरकारकडून ११.२ आणि ९ लाख असे दोन हप्ते आले होते, शेवटचे ३.८ लाख अंतिम उपयोगिता प्रमाणपत्रानंतर सात महिन्यांनी आले. तोवरची पुरवठादारांची देणी उद्योगाने सांभाळली. बचत खात्यावरचे व्याज नियमाप्रमाणे भारतकोश या सरकारी भरणा संकेतस्थळावर परत भरले. ते वापरता येईल असे महाविद्यालयाने गृहीत धरले होते.

बाणा तुटल्याची ओळख अपेक्षेप्रमाणे चालली. बेअरिंगचा बिघाड आधी सांगण्याचा भाग अर्धाच जमला. मोटरच्या प्रवाहात पिकिंगचा धक्का इतका मोठा असतो की बेअरिंगची बारीक खूण त्यात बुडते.

पुन्हा करायचे तर

उत्पादकांचे पैसे अर्जापूर्वी महाविद्यालयाच्या वेगळ्या खात्यात घेता आले असते, नामंजुरी झाल्यास ३० दिवसांत परतीच्या अटीसह. ज्याला आधी भरायचे नाही त्याला गटात घ्यायचे नाही. आठ जणांवर उभा राहिलेला ३६ लाखांचा अर्ज बारा जणांच्या ४२ लाखांपेक्षा भक्कम ठरला असता, कारण त्यात कपातच झाली नसती. पहिले डबे प्रत्येकाच्या शेडमध्ये एकेक तरी बसवायला हवे होते, तीन शेडमध्ये आठ-आठ नव्हे.

उपकरणांच्या शीर्षात करासाठी १० ते १५ टक्के जागा ठेवावी. निविदेचे मसुदे मंजुरीपत्राची वाट न पाहता तयार ठेवावेत. ते करायला परवानगी लागत नाही. चाचणी शीर्ष दोन फेऱ्यांचे मागावे आणि कपात आली तर शेवटी त्याला हात लावावा. चिपसाठी दुसरा पर्याय सर्किटच्या पहिल्याच आराखड्यात जोडलेला हवा.

गटातल्या त्या चौघांपैकी दोघांनी २०२५ मध्ये डबे मागितले. उद्योगाने ते पूर्ण किमतीला विकले.